मैदानासमोरची घरं भाड्यासाठीच बांधली होती

“ताई, तीन पिढ्या तुम्ही हे मैदान फुकट बघताय. आता ज्याची किंमत मोजायची तयारी आहे, त्याला बघू द्या की!”

गेल्या महिन्यात आमच्या गच्चीवर भरलेल्या सभेत हे वाक्य मला ऐकवण्यात आलं. बोलणारे गृहस्थ पुनर्विकासाचा प्रस्ताव घेऊन आले होते. वागायला सभ्य होते, आवाजही चढलेला नव्हता. आमची इमारत शिवाजी पार्कच्या मैदानाकडे तोंड करून १९३०च्या दशकापासून उभी आहे. तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही. त्या संध्याकाळी मी उत्तर दिलं नाही. शेजारचे काका नव्या जागेचं कार्पेट किती मिळणार हे विचारत होते, त्यांना मध्येच तोडणं बरं दिसलं नसतं. पण ते वाक्य मनातून जात नाही. ते एकट्या त्या गृहस्थांचं असतं तर सोडून दिलं असतं. मात्र जुन्या भाडेकरूबद्दल आज मुंबईत जे सर्रास बोललं जातं, तेच त्यांनी थोडक्यात सांगितलं: तो फुकट्या आहे, त्याची इमारत मोडकळीला आलेली आहे, आणि समोरचं मैदान अधिक लायक माणसाच्या वाट्याला जायला हवं. या तिन्ही गोष्टी मला अमान्य आहेत.

माझा स्वार्थ आधीच सांगते. मी पागडीच्या घरातली भाडेकरू आहे. आजोबांच्या नावाची १९३९ सालची भाडेपावती आमच्या कपाटात आहे, अठ्ठेचाळीस रुपयांची. भाडेपावती त्यांच्यानंतर वडिलांच्या नावे झाली. वडिलांच्या आजारपणात मी इथे परत राहायला आले आणि त्यांच्यानंतर ती माझ्या नावे झाली. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा भाडेकरू मानतो, त्या आधारानं. हा लेख तटस्थ माणसाचा नाही.

आता फुकटेपणाबद्दल. ही घरं बांधली गेली तीच मुळी भाड्यानं देण्यासाठी. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडची शेतं आणि खाजणं आखीव वस्त्यांत बदलू लागली. शिवाजी पार्कचं मैदान महापालिकेनं १९२५मध्ये खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. त्यापुढच्या पंधरा-वीस वर्षांत मैदानाभोवती इमारतींचं कडं उभं राहिलं. त्यात पैसा घातला तो लहान-मोठ्या भांडवलदारांनी, आणि त्यांना हवं होतं महिन्याच्या महिन्याला येणारं भाडं. घर विकत घेणं हा तेव्हा पगारदार माणसाच्या विचारातही नसलेला व्यवहार होता. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालची, पण तशा संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मजल्यावरचा एकेक ब्लॉक मालकीनं विकण्याची पद्धत एवढी नंतर रुळली की तिच्यासाठीचा महाराष्ट्राचा मालकी सदनिका कायदा १९६३ साली आला. तोवर कारकून, शिक्षक, रेल्वेतला हिशेबनीस, वकील, डॉक्टर सगळे बिऱ्हाडकरूच होते. ‘जागा मिळाली का?’ या प्रश्नाचा दादरमधला अर्थ भाड्याची जागा असाच होता.

या इमारतींचं रूपही भाडेकरूला डोळ्यांसमोर ठेवूनच ठरलं. आज ज्याला आर्ट डेको म्हणून नावाजतात ते गोलसर सज्जे, खिडक्यांवरून धावणारे आडवे छज्जे, जिन्याच्या बाजूची उभी जाळी, मोझेकच्या फरश्या, सगळं. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत टाइल्ससारख्या स्वदेशी कारखान्यांमुळे सिमेंटच्या रंगीत फरश्या मध्यमवर्गाच्या घरात आल्या. त्याहून मोठा बदल दाराच्या आतला होता. चाळीत संडास व्हरांड्याच्या टोकाला आणि सगळ्यांचा मिळून. इथे तो घराच्या आत आला. निखिल राव यांनी मुंबईच्या उपनगरी ब्लॉकसंस्कृतीवरच्या त्यांच्या २०१३च्या पुस्तकात हा बदल तपशिलानं मांडला आहे. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना आतला संडास पचवायला वेळ लागला, तो स्वयंपाकघरापासून शक्य तितका लांब नेण्याची धडपड नकाशांतही दिसते. आमच्याही घरात तो मागच्या बाजूला, मोरीच्या पलीकडे आहे, आणि त्याला मागच्या जिन्यावर उघडणारं वेगळं दार आहे. सफाई कामगारानं पुढच्या दारानं येऊ नये म्हणून केलेलं ते दार. या वास्तूबद्दलचं माझं प्रेम त्या दाराशी येऊन अडखळतं आणि अडखळायलाच हवं. त्या काळात इथे कोणाला जागा भाड्यानं मिळत होती आणि कोणाला मिळत नव्हती, हेही त्या दारात लिहिलेलं आहे.

तरीही मूळ मुद्दा उरतोच. मालकानं भाड्यासाठी इमारत बांधली, भाडेकरूनं भाडं दिलं, आणि पुढे जागा घेताना पागडीही मोजली. पागडी म्हणजे जागेच्या किमतीचा मोठा हिस्सा, रोख आणि बहुतेक वेळा पावतीशिवाय. ही देवघेव अनेक दशकं बेकायदेशीर होती. ती उघडपणे करण्याची मुभा १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानं दिली. भाडेकरूनं ती जागा दुसऱ्याला दिली तर मालकाला त्यातला ठरलेला हिस्सा मिळतो, आणि आमच्या इमारतीत असे चार व्यवहार मी स्वतः पाहिले आहेत. चारही वेळा मालकांच्या घरात पैसे गेले. त्यांना फक्त ऐंशी-शंभर रुपयांचं भाडंच मिळत आलं, असं सांगणारा माणूस हा हिशेब मोजत नाही.

मालकांची खरी तक्रार मात्र वेगळी आहे आणि ती खरी आहे. दुसरं महायुद्ध सुरू होताच मुंबईत भाडी भडकली आणि सरकारनं ती रोखली. पुढे १९४७च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४० या दिवशी जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरवलं. युद्धकाळातला तो तात्पुरता उपाय पन्नास वर्षं मुदतवाढ घेत राहिला. गहू, पगार, सिमेंट, गवंड्याची मजुरी, सगळं वाढलं आणि भाडं तिथंच राहिलं. ही गोठवणी मनमानी आणि अन्यायकारक झाली आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९७च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्यानंतर आलेला १९९९चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मालकाला मिळाली. ती चक्रवाढीनं धरली तरी पंचवीस वर्षांत भाडं पावणेतीनपटही होत नाही. शंभर रुपयांचे २६७. तेवढ्या पैशात आमचा जिना झाडणाऱ्या बाईंचा आठवड्याचा पगारही निघत नाही. मालकांच्या नातवानं या भाड्यात इमारत सांभाळावी, अशी अपेक्षा मी करत नाही आणि कोणीही करू नये. म्हाडा कायद्यात एक तरतूद होती: सत्तर टक्के भाडेकरूंनी एकत्र येऊन मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम भरावी आणि इमारत ताब्यात घ्यावी. तीही मला कधी न्याय्य वाटली नाही. शंभर रुपयांच्या शंभरपट म्हणजे दहा हजार. शिवाजी पार्कसमोरचं घर दहा हजारात मागणं हे भाडेकरूचं रक्षण नव्हे.

पण या गोठवणीतून ‘भाडेकरूच नकोत’ असा निष्कर्ष काढला जातो, तिथे मी थांबते. भाडेकरूला संरक्षण देणं ही चूक नव्हती. ते संरक्षण काळाबरोबर हलवलं नाही, ही चूक होती. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या, कारण तिथेही गोष्ट याच युद्धापासून सुरू होते. सेंट्रल पार्ककडे बघणाऱ्या जुन्या इमारतींना तिथे ‘युद्धपूर्व’ असंच म्हणतात आणि त्या नावाला बाजारात भाव आहे. त्या शहराची भाडी १९४३ साली, १ मार्चच्या पातळीवर गोठवण्यात आली होती. पण १९६९पासून तिथे एक मंडळ दरवर्षी बसतं आणि मालकांचा खर्च, कर, इंधन, भाडेकरूंचं उत्पन्न बघून नियंत्रित घरांची वाढ किती टक्के असावी हे जाहीर करतं. तिथेही भांडणं होतात, मालक आणि भाडेकरू दोघेही सुनावणीला येऊन ओरडतात. पण आकडा दरवर्षी नव्यानं ठरतो आणि सुमारे दहा लाख घरं आजही या व्यवस्थेत आहेत. उद्यानासमोर भाड्यानं राहणं तिथे लाजिरवाणं मानलं जात नाही. आपण तशी यंत्रणा कधी उभारलीच नाही. एका बाजूला १९४०मध्ये थिजलेलं भाडं आणि दुसऱ्या बाजूला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, ज्यात भाडेकरू बॅग भरून ठेवूनच राहतो. या दोन टोकांमध्ये भाड्यानं सन्मानानं राहण्याची जागाच उरलेली नाही. देशातल्या शहरांत भाड्याच्या घरांचं प्रमाण १९६१ साली ५४ टक्के होतं, ते २०११ साली २८ टक्क्यांवर आलं. त्याच २०११च्या जनगणनेत शहरांतली एक कोटीहून जास्त घरं रिकामी, कुलूपबंद आढळली. भाडेकरूला हुसकावून घरं वाढत नाहीत हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

आता मोडकळीबद्दल. आमच्या इमारतीत सळया गंजतात. समुद्र दोन गल्ल्यांपलीकडे आहे, खारं वारं काँक्रीटच्या सूक्ष्म भेगांतून आत शिरतं, सळई गंजून फुगते आणि बाहेरचा थर पोपड्यासारखा सुटतो. २००९च्या पावसात आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा हातभर तुकडा ओट्यावर पडला. आई दोन मिनिटांपूर्वी तिथून उठली होती. त्या रात्रीपासून ‘जुनं ते सोनं’ हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. धोका खरा आहे आणि त्यावरचा उपायही खरा आहे: स्लॅबला टेकू देणं, सुटलेलं काँक्रीट ठोकून काढणं, सळई घासून गंजरोधक लेप देणं, गरज तिथे नवी सळई जोडणं, पॉलिमर मॉर्टर किंवा जॅकेटिंग करणं. आम्ही सगळ्या भाडेकरूंनी वर्गणी काढून दोन टप्प्यांत हे करून घेतलं. मालकांनी रंगाचे पैसे दिले. हा खर्च आमच्या भाड्याच्या कित्येकपट झाला आणि तो कोणत्याही भाडेपावतीवर दिसत नाही.

तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्यानं सक्तीचं आहे आणि त्याचे वर्ग सगळ्यांना माहीत असायला हवेत. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए आणि सी-२बी म्हणजे मोठी दुरुस्ती, पहिलीत काही भाग रिकामा करून, दुसरीत इमारत रिकामी न करता. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. आमचा अहवाल सी-२बी आहे. सभेत तो कोणी वाचून दाखवला नाही. तिथे फक्त ‘नव्वद वर्षांची’ हा शब्द सात-आठ वेळा आला. वय हा काँक्रीटचा आजार नाही. खारं पाणी आणि हयगय हे त्याचे आजार आहेत, आणि दोन्हींवर इलाज आहे. १९६९मध्ये दुरुस्ती मंडळाची व्यवस्था झाली तेव्हा मुंबई बेटावर १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या. त्यातल्या १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या. म्हणजे ज्या तारखेला भाडं थिजलं, तीच तारीख इमारतीच्या म्हातारपणाचीही सरकारी खूण ठरली. भाडेकरू तेव्हापासून दुरुस्तीचा उपकर भरत आलेत. तो उपकर पुरेसा नाही, मंडळाच्या मदतीला मर्यादा आहे, आणि मर्यादेपलीकडे गेलेली इमारत सरळ पुनर्विकासाच्या रांगेत जाते. विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) कलमाखाली ५१ टक्के रहिवाशांची संमती मिळाली की पुरे. दुरुस्तीचा रस्ता असा चिंचोळा आणि पाडण्याचा असा रुंद ठेवला, तर कोणता रस्ता माणसं धरतील हे उघड आहे.

टॉवर झाला तर जास्त लोकांना मैदान दिसेल, हे सर्वांत देखणं वाटणारं म्हणणं. माझ्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी पलीकडच्या गल्लीत टॉवरमधली मालकीची घरं स्वीकारली. घर मोठं झालं, लिफ्ट आली, म्हातारपणी जिन्याचा त्रास संपला. हे सुख खरं आहे आणि त्यांच्या निर्णयाला नाव ठेवण्याचा मला हक्क नाही. पण महिन्याचा मेंटेनन्स पेन्शनच्या निम्म्यावर गेला. पाच वर्षांच्या आत एक कुटुंब घर विकून बोरिवलीला गेलं, दुसरं डोंबिवलीला. त्यांच्या जागी आलेल्यांपैकी कोणाशीही मी अजून बोललेली नाही, कारण ते रस्त्यावर पाय ठेवत नाहीत. खालचे पाच मजले गाड्यांचे, त्यामुळे जिथे खिडक्या होत्या तिथे आता भिंत आहे. आमच्या दुसऱ्या मजल्याच्या सज्ज्यातून मी कट्ट्यावर बसलेल्या माणसाला हाक मारू शकते. सकाळी नेटचा सराव करणाऱ्या मुलांपैकी कोणी पडलं तर वरून दिसतं, आणि आमच्या मजल्यावरच्या काकूंनी बर्फ घेऊन खाली धावत गेलेलं मी दोनदा पाहिलं आहे. रमाकांत आचरेकरांनी याच मैदानावर सचिन तेंडुलकर घडवला हे सगळ्यांना ठाऊक आहे. सचिनशिवाय इथे खेळलेल्या हजारो मुलांकडे लक्ष ठेवणारे डोळे तीन मजल्यांच्या उंचीवर होते. तिसाव्या मजल्यावरून मैदान हिरवा तुकडा दिसतं. त्या नजाऱ्याचे पैसे मिळतात, म्हणून तो विकला जातो.

इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांनाही काही सांगायचं आहे. आमच्यापैकी काहीजण मैदानाला स्वतःचं अंगण समजतात. २०१०मध्ये रहिवाशांच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं हे मैदान शांतता क्षेत्र मानलं. त्या लढ्यात मीही सही केली होती, कारण लाउडस्पीकरच्या रोजच्या माऱ्यात आजारी माणसं झोपू शकत नव्हती. मैदानावर टाकलेल्या लाल मातीची धूळ आमच्या फुप्फुसांत जाते, त्याबद्दल भांडणंही रास्त आहे. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो माणसांसाठी मैदानावर मांडव पडतात, तेव्हा ‘आमचं मैदान’ म्हणून कुरकुर करणारे शेजारी मला सहन होत नाहीत. ही माणसं रात्रभर प्रवास करून आलेली असतात. ते मैदान त्यांचं आहे, आणि मी ते खिडकीतून बघते एवढ्यानं माझा त्यावर त्यांच्याहून जास्त अधिकार येत नाही. सभेतल्या गृहस्थांना मी ‘मैदान विकाऊ नाही’ असं सांगणार असेन, तर आधी माझ्या मजल्यावर ते सांगायला हवं.

२०१२मध्ये शिवाजी पार्क परिसर वारसा यादीत घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा इथल्या रहिवाशांनीच त्याला जोरदार विरोध केला. त्यावरून आम्हाला अडाणी ठरवलं गेलं. आमची भीती साधी होती: इमारत वारसा ठरली, खिडकी बदलायला परवानगी लागू लागली, आणि दुरुस्तीला मात्र कोणी पैसा दिला नाही, तर? ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारतींचं २०१८मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं, तिथल्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती धरून ९४ इमारतींचा तो समूह आहे, आणि त्यामागे तिथल्या रहिवाशांची कित्येक वर्षांची चिकाटी होती. त्यातही भाडेकरू आहेत. म्हणजे हे जमतं. फक्त पाटीसोबत दुरुस्तीचा निधी यायला हवा, आणि भाडं असं हवं की मालकालाही ही इमारत उभी ठेवण्यात रस वाटेल.

पुढची सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, त्याच गच्चीवर आहे. मी ऑडिटचा अहवाल मराठीत करून प्रत्येक घरी वाटला आहे. एका अभियंत्याकडून दुरुस्तीचा खर्च लिहून घेतला आहे, तिसऱ्या मजल्यापर्यंत बाहेरून लिफ्ट बसवण्याच्या खर्चासकट. त्याच्यासोबत एक कागद आहे: आमच्या सात घरांनी स्वखुशीनं भाडं आजच्या तीसपट करावं, दर तीन वर्षांनी ते मालकांबरोबर बसून ठरवावं, आणि त्यातला निम्मा भाग इमारतीच्या वेगळ्या खात्यात जावा. पाच घरांच्या सह्या झाल्या आहेत. मालकांच्या नातवाला काल फोन केला. तो म्हणाला, “आत्या, इतक्या वर्षांत भाडं वाढवा असं सांगायला कोणी आलं नव्हतं. मी येतो रविवारी.”